घरघर ऐकू नका, पोट बघा

जुन्नर तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. नाव देऊ नका असं त्यांनी लिहिलंय. पत्र मोठं आहे, त्यातला गाभा इथे देते.

‘माझी मुलगी सात आठवड्यांची आहे. ३३व्या आठवड्यात झाली, वजन १ किलो ६५० ग्रॅम. १९ दिवस पेटीत होती, त्यातले ४ दिवस नाकात नळ्या आणि शेजारी पाण्याच्या बाटलीत बुडबुडे. आता घरी आहे, वजन २ किलो ६०० आहे. पण रात्री नाकात घुर्र घुर्र वाजतं, पिताना मध्येच सोडून रडते. झोपेत कधी कधी श्वास थांबतो, मी घाबरून हात लावायला जाते तोवर भराभर सुरू होतो. तिची फुप्फुसं कच्चीच राहिली का? मोठा मुलगा चार वर्षांचा, अंगणवाडीतून सर्दी-खोकला घेऊन येतो. सासूबाई म्हणतात, अंघोळीनंतर धुरी द्या, नाकात कोमट तेलाचा थेंब सोडा, कफ सुटेल. शेजारणीने मुलाचं उरलेलं खोकल्याचं औषध दिलंय. मिस्टर पुण्याहून वाफाऱ्याचं मशीन आणणार आहेत. सासूबाई वाईट नाहीत, माळकरी आहेत, बाळावर जीव आहे त्यांचा. मी नाही म्हटलं की घरात अबोला होतो. मला रात्र रात्र झोप नाही.’

ताई, आधी त्या पाण्याच्या बाटलीबद्दल बोलते. तुमची सगळी भीती तिथूनच आलेली दिसते.

तुमच्या भागात द्राक्षबागा आहेत. द्राक्षाचा घड डोळ्यांसमोर आणा. फुप्फुसं आतून तशीच असतात, लाखो बारीक फुग्यांचे घड. हे फुगे आतून ओले असतात. ओली प्लास्टिकची पिशवी मिटली की तिच्या दोन बाजू एकमेकींना चिकटून बसतात, ओढून सोडवाव्या लागतात. श्वास सोडल्यावर फुगे तसे चिकटू नयेत म्हणून शरीर साबणासारखं एक द्रव्य तयार करतं, सरफॅक्टंट. पोटातल्या बाळात ते पुरेसं व्हायला साधारण ३४-३५ आठवडे लागतात. तुमची मुलगी ३३व्या आठवड्यात आली, म्हणजे साबण थोडा कमी पडला. प्रत्येक श्वासाला तिला चिकटलेले फुगे नव्याने फुगवावे लागत होते. नाकातल्या नळ्यांतून सतत थोड्या दाबाने हवा जात होती, फुगे पूर्ण मिटू नयेत म्हणून. नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्यात काही सेंटिमीटर बुडवलेलं असतं. जेवढं खोल, तेवढा दाब. बुडबुडे येतायत म्हणजे दाब टिकून आहे. त्या बुडबुड्यांकडे बघून रडणाऱ्या आया मी वर्षानुवर्षं पाहिल्या आहेत. मी त्यांना एकच सांगते, बुडबुडे थांबले तर मला हाक मारा, चालू आहेत तोवर निवांत राहा.

१९६३ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन दोन किलोच्या वर, तुमच्या मुलीपेक्षा जास्त. आजारही हाच. जगातल्या सगळ्यात बलवान माणसाचा मुलगा ३९ तासांत गेला, कारण तेव्हा हा उपचारच नव्हता. हा आजार सरफॅक्टंटच्या कमतरतेने होतो हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवलं होतं, पण सतत दाबाची हवा देण्याची पद्धत डॉ. ग्रेगरी आणि सहकाऱ्यांनी मांडली ती १९७१ मध्ये. आज आपल्या सरकारी दवाखान्यातल्या नवजात शिशू कक्षातही ती बाटली बुडबुडत असते. कळा सुरू झाल्यावर तुम्हाला इंजेक्शनंही दिली असतील. ती बाळाच्या फुप्फुसांना लवकर तयार करण्यासाठीच असतात.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, फुप्फुसं कच्ची राहिलेली नाहीत. चार दिवसांत तिने नळ्या सोडल्या, घरी ऑक्सिजन लागला नाही, सात आठवड्यांत जवळजवळ किलोभर वजन वाढलं. अशी बाळं पुढे गल्लीभर धावतात. एवढं मात्र खरं, की तिच्या श्वासनळ्या अरुंद आहेत आणि पहिल्या वर्षात साधी सर्दीसुद्धा तिला नऊ महिने भरलेल्या बाळापेक्षा जड जाऊ शकते. घाबरायचं नाही, पण पाळत ठेवायची. आणि नेमकी कशावर पाळत ठेवायची, हेच बहुतेक घरांत उलटं झालेलं असतं.

घरघर हा आवाज आहे, आजार नव्हे. एवढ्या लहान बाळाचं सगळं नाकावर चालतं, तोंडाने श्वास घ्यायची सवय त्याला नसते. नाकपुडी म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढी वाट. त्यात शेंबडाचा किंवा ओकलेल्या दुधाचा एक थेंब अडकला तरी पूर्ण घरात ऐकू जाईल एवढी घुरघुर होते, आणि पाठीवर हात ठेवला तर हातालाही लागते. मग ‘छाती भरली’ म्हणून धावपळ सुरू होते. खरा न्यूमोनिया पुष्कळदा काहीच आवाज करत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात ओपीडीत एकाच वेळी दोन आया आल्या. एकीच्या बाळाची घरघर दारापासून ऐकू येत होती. दुसरीचं बाळ टॉवेलात गुंडाळलेलं, शांत. ती म्हणाली, ‘काही नाही मॅडम, काल रात्रीपासून लई शहाणं झालंय, रडतच नाही, फक्त पीत नाही नीट.’ मी घरघरवाल्या बाळाला आधी घेतलं. दहा मिनिटांनी दुसरीचा टॉवेल उघडला तर छाती भात्यासारखी चालत होती आणि ओठांभोवती निळसर कडा आली होती. ते बाळ वाचलं, पण ती दहा मिनिटं मी आजही विसरलेले नाही. तेव्हापासून माझ्याकडे येणारं कुठलंही बाळ आधी उघडं करायचं आणि मग बोलायचं, हा नियम आहे.

तुम्हीही तेच करा. बाळ झोपलेलं किंवा शांत असताना अंगावरचं दुपटं काढा, झबलं वर सरकवा, उजेडात पोट आणि छाती बघा. तान्हं बाळ पोटाने श्वास घेतं. पोट वर आलं आणि खाली गेलं, की झाला एक श्वास. घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चौपट करू नका, कारण एवढ्या बाळाचा श्वास एका चालीने चालत नाही. दूध पिऊन लगेच किंवा रडत असताना मोजलेला आकडा धरायचा नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त भरले, तर थोडं थांबून पुन्हा मोजायचे. दुसऱ्यांदाही ६० किंवा वर आले, तर घरचे उपचार बंद आणि थेट दवाखाना, रात्र असली तरी. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत हा आकडा ५० आहे. वर्षाच्या पुढे पाच वर्षांपर्यंत ४०, म्हणजे तुमच्या मोठ्यासाठी ४० धरा.

मोजून झालं की बरगड्यांची खालची कड बघा. पोट वर येतं त्याच वेळी ती कड आत खेचली जाते का? तान्ह्या बाळाची छाती मऊ असते, थोडी हालचाल चालते. पण प्रत्येक श्वासाला आतून दोरा ओढल्यासारखी खोल घळ पडत असेल, तर ती खूण आहे. नाकपुड्या फुलणं, प्रत्येक श्वास सोडताना कण्हणं, जीभ आणि ओठ निळसर होणं, नेहमीच्या निम्म्यानेही दूध न पिणं, हलवूनही नीट जागं न होणं, अंग तापणं किंवा पोटाला हात लावल्यावर गार लागणं, यातली एकही गोष्ट दिसली तर मोजत बसू नका. १०८ला फोन करा. गाडी येईपर्यंत आणि गाडीतही तिला तुमच्या छातीशी, कातडीला कातडी लावून, वरून दुपट्यात घ्या. गार पडलेलं बाळ श्वासालाही मंद होतं. हातापायांचे तळवे थंडीत थोडे निळसर होतात, त्याने घाबरू नका. बघायची ती जीभ.

झोपेत श्वास थांबण्याबद्दल. लवकर जन्मलेल्या बाळात पाच-सात सेकंद श्वास थांबतो, मग चार-दोन भराभर श्वास येतात, मग पुन्हा संथ. ही त्यांची चाल आहे, रंग बदलत नसेल तर त्यात धोका नाही. महिन्या-दोन महिन्यांत ती कमी होते. थांबणं वीस सेकंदांपर्यंत गेलं, किंवा त्याहून कमी असलं तरी बाळ निळं किंवा लुळं पडलं, तर तळपाय आणि पाठ जोरात चोळायची आणि तातडीने निघायचं. बाळाने चोळूनही श्वास घेतला नाही तर काय करायचं, हे पुढच्या तपासणीला गेलात की नवजात कक्षातल्या सिस्टरांकडून बाहुलीवर हाताने शिकून घ्या, घरातल्या दोघांनी तरी. ते कागदावरून शिकवण्यासारखं नाही.

आता धुरी आणि तेल. सासूबाईंशी भांडू नका, पण या दोन गोष्टींत माघारही घेऊ नका. नाकात सोडलेलं तेल कफ सोडवत नाही. ते घशातून थेट फुप्फुसात उतरू शकतं. पाणी गेलं तर बाळ खोकतं, तेलाला ठसकाही लागत नाही, म्हणून ते गुपचूप उतरतं, तिथेच राहतं आणि त्याचा वेगळा न्यूमोनिया होतो, जो महिनोन्‌महिने हटत नाही. अंघोळ घालणाऱ्या मावशी नाकात-कानात फुंकतात, तोंडात बोट घालून कफ काढतात, तेही बंद करायला सांगा. मालीश खुशाल करू दे, अंगाला तेल चांगलंच.

धुरीचं म्हणाल, तर ओवा असो, ऊद असो की कडुनिंब, धूर तो धूर. चार दिवस दाबाची हवा देऊन जे फुगे उघडे ठेवले, त्यांच्यात आपण होऊन काजळी भरायची का, एवढंच सासूबाईंना विचारा. शेकायची कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवली तर विषारी वायू साचतो, त्याला ना वास ना रंग. मोरीजवळ बंब पेटत असेल तर बंबाचा धूर निवल्यावरच बाळाला तिकडे न्या. घरात कोणी बिडी ओढत असेल तर अंगणात नव्हे, गल्लीत, आणि आल्यावर हात-तोंड धुऊन मगच बाळाला घ्यायचं. मच्छर अगरबत्तीऐवजी मच्छरदाणी. कापूर आणि छातीला चोळायचा बाम दोन वर्षांच्या आत नको, वेखंडाची पूड नाकातोंडाशी उधळायची नाही, आणि गुटीबरोबर मध चाटवायचा नाही. मध वर्षाच्या आत अजिबात नाही. मोठ्याला मात्र रात्री खोकल्यावर अर्धा चमचा मध जरूर द्या, त्याच्या वयाला तो बहुतेक खोकल्याच्या औषधांपेक्षा बरा.

खोकल्याची ती शेजारणीची बाटली आजच्या आज टाकून द्या, मोठ्यालाही देऊ नका. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात काय झालं ते तुम्ही ऐकलं असेल. साध्या सर्दी-खोकल्याला दिलेल्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकोल हे विष निघालं, मुलांच्या किडन्या बंद पडल्या, वीसहून जास्त मुलं गेली. त्यातली कित्येक आपल्या नागपूरच्या दवाखान्यांत शेवटपर्यंत झुंजली. तेव्हाच केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावलं, की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं लिहूच नयेत आणि पाचच्या आत सहसा देऊ नयेत. पण शुद्ध औषध असतं तरी मी हेच सांगितलं असतं. लहान बाळाचा खोकला हा त्याचा पहारेकरी आहे, त्याला गुंगी देऊन काय मिळवायचं?

मशीनचे पैसे वाचवा. त्यातून दम्याचं जे औषध देतात ते श्वासनळ्यांचे आवळलेले स्नायू सैल करतं. तुमच्या मुलीच्या नाकातला शेंबूड हा स्नायूचा प्रश्नच नाही. तान्ह्या बाळांना विषाणूमुळे छातीत होणाऱ्या सर्दीतही त्याचा सहसा उपयोग होत नाही. डॉक्टरांनी तिला तपासून, तिच्यासाठी म्हणून लिहून दिलं तर गोष्ट वेगळी.

नाकासाठी करायचं ते अगदी थोडं. मेडिकलमधून नाकात घालायचे सलाईनचे थेंब आणा. बाटलीवर फक्त सोडियम क्लोराइड असं लिहिलेलं असलं पाहिजे. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असं काही दिसलं तर परत करा. बाटल्या सारख्याच दिसतात, दुकानदारही गडबडतात, आणि ते थेंब एवढ्या बाळाला गुंगी आणून श्वास मंद करू शकतात. घरी मीठ-पाणी करू नका, प्रमाण चुकतं. दूध पाजायच्या पाच-दहा मिनिटं आधी एकेका नाकपुडीत एक थेंब, मग सुती कापडाच्या मऊ वातीने बाहेर आलेलं तेवढंच टिपायचं. आत काही खुपसायचं नाही. थोडं थोडं, पण जास्त वेळा पाजा. ओढायला दमत असेल तर दूध काढून वाटी-चमच्याने. पाजल्यावर वीसेक मिनिटं उभं धरा, ढेकर काढा. रात्रीची बरीचशी घुर्र घुर्र एवढ्यानेच अर्ध्यावर येईल. झोपवायचं पाठीवर, उशी नको, आणि गोधडी काखेच्या वर नको. जुन्नरची थंडी मला माहीत आहे, पण टोपी-मोजे घाला, तोंडावरून पांघरूण घालू नका.

सर्दी घरात कोण आणतं हे तुम्हीच लिहिलंय. मोठ्याला बाळापासून तोडू नका, बिचाऱ्याला आधीच आई १९ दिवस दिसली नव्हती. अंगणवाडीतून आला की साबणाने हात-तोंड धुवायचे, सदरा बदलायचा, मग बाळाच्या पायाची पापी घ्यायची, तोंडाची नाही. नाक वाहत असेल तेव्हा लांबून गाणं म्हणायचं. तुम्हाला सर्दी झाली तर मास्क लावून पाजत राहा, दूध तोडू नका.

दीड महिन्याच्या लसी झाल्या का? पत्रात उल्लेख नाही. ‘अशक्त आहे, वजन वाढू दे, मग देऊ’ असं घरोघरी म्हणतात. लवकर जन्मलेल्या बाळाच्या लसी जन्मतारखेवरूनच मोजायच्या. तिला त्या जास्त गरजेच्या आहेत. पेंटा या एकत्रित लसीत डांग्या खोकल्याची आणि हिब या न्यूमोनिया करणाऱ्या जंतूवरची लस असते, आणि न्यूमोकोकल या न्यूमोनियाच्याच दुसऱ्या जंतूवरची लस २०२१पासून देशभर सरकारी लसीकरणात फुकट आहे, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने. आशाताईंना उद्याच निरोप धाडा.

आणि श्वासाशी संबंध नाही असं वाटेल, पण आहे: डोळे. लवकर जन्मलेल्या आणि ऑक्सिजनवर राहिलेल्या बाळांच्या डोळ्यांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढू शकतात. बाहेरून काही दिसत नाही. पहिली तपासणी जन्मानंतर महिन्याच्या आत व्हायला हवी होती. डिस्चार्जच्या कागदावर या आजाराचं ‘आरओपी’ (ROP) हे तीन इंग्रजी अक्षरांचं नाव शोधा. झाली असेल तर पुढची तारीख कोणती दिलीय ते बघा. झाली नसेल तर या पत्रातलं बाकी सगळं नंतर, आधी याच आठवड्यात पडद्याच्या डॉक्टरांना दाखवा.

राहिल्या सासूबाई. ‘हे करू नका, ते करू नका’ एवढंच त्यांच्या वाट्याला आलं तर अबोला होणारच. तीन पिढ्या वाढवलेल्या बाईच्या हातातलं सगळं काम काढून घेतलं तर तिने करायचं काय? त्यांना यातलं सगळ्यात मोठं काम द्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८०च्या दशकाच्या शेवटी खेड्यापाड्यांतल्या बाळांच्या न्यूमोनियावर काम सुरू केलं, तेव्हा डॉक्टर होते लांब आणि बाळ होतं घरात. त्यांनी गावातल्याच माणसांना आणि दायांना श्वास मोजायला शिकवलं. पुष्कळ दायांना लिहिता-वाचता येत नव्हतं, मोठे आकडे मोजता येत नव्हते. त्यांच्यासाठी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी असं साधं साधन केलं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. त्या कामाने न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू ठळकपणे घटले. १९९०मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज आशाताई घरी येऊन बाळ तपासतात, त्यामागे गडचिरोलीचाच अनुभव आहे.

सासूबाई माळकरी आहेत, म्हणजे जपाची माळ घरात असणार. रात्री बाळाला पाजून झोपवलं आणि अर्धा तास गेला की त्यांना पलंगाशी बसवा, बॅटरीचा उजेड बाजूने धरा. तुम्ही मोबाइलवर एक मिनिट लावा आणि त्यांनी पोटाकडे बघत दहा श्वासांना एक मणी ओढायचा. चार-पाच मणी ओढले गेले तर ठीक. सहावा मणी ओढला गेला (ती दोन महिन्यांची झाली की पाचवा) तर थोडं थांबून पुन्हा, आणि दुसऱ्यांदाही ओढला गेला तर गाडी. पहिले दोन दिवस तुम्हीही मनात मोजा, दोघींचे आकडे जुळतात का बघा. जुळायला लागले की रात्री दहा ते दोन पाळत त्यांची. दोनला त्या तुम्हाला उठवतील. तोवर तुम्ही झोपा.